डिस्कचा आउट: आधी मोजा, मग खिशात हात घाला

सासवडहून दुचाकीवरून येताना दिवे घाटाच्या उतारावर पुढचा ब्रेक दाबला की लिव्हर बोटांखाली धडधडायला लागला. दाब, सोड, दाब, सोड, असं चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला. वेग कमी झाला की धडधडही संथ व्हायची. चारच दिवसांपूर्वी पुढचा टायर बदलून घेतला होता. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेलो. मेकॅनिकने चाक उचलून एकदा गरकन फिरवलं, "शूक... शूक..." असा आवाज ऐकला आणि म्हणाला, "डिस्क आउट आहे भाऊ. डिस्क, पॅड, कॅलिपर, सगळंच टाकावं लागेल." आउट म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती सरळ न फिरता डावी-उजवीकडे डोलते; कॅलिपर म्हणजे तिला दोन पॅडमध्ये पकडणारा भाग. खर्चाचा आकडा पाच हजारांच्या वर गेला. महिन्याची तेवीस तारीख होती.

त्याने काहीही मोजलं नव्हतं, आणि तीच गोष्ट मनात राहिली. घरी येऊन मोजलं तेव्हा कळलं, की आउट होता, पण त्यातला जवळपास निम्मा डिस्कचा नव्हताच. शेवटी सहाशे रुपयांच्या आत गाडी सरळ झाली आणि तीच डिस्क आजही चाकात आहे. हा लेख त्या अनुभवावरून आणि नंतर मित्रांच्या चार-पाच गाड्यांवर केलेल्या कामावरून लिहितोय. ज्यांनी आजवर गाडीची हवा तपासण्यापलीकडे काही केलं नाही, त्यांनाही जमेल अशा क्रमाने.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा ब्रेक आहे. पैसे वाचवायला इथे जागा आहे, पण ती किती आहे ते आकड्यावर ठरतं. काही डिस्क सरळ करायच्याच नसतात. त्या कोणत्या, तेही पुढे येईल.

धडधड म्हणजे डिस्क वाकडीच, असं नाही

आपल्याकडच्या १०० ते २०० सीसीच्या बहुतेक गाड्यांचं पुढचं कॅलिपर सरकतं असतं. म्हणजे ते दोन पिनांवर डावी-उजवीकडे थोडं हलू शकतं. पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आपल्या बाजूचा पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोराने अख्खं कॅलिपर उलट्या बाजूला सरकून पलीकडचा पॅडही डिस्कवर आणतं. या रचनेमुळे एक गंमत होते. डिस्क थोडी वाकडी असली तरी पिना मोकळ्या असतील तर कॅलिपर तिच्याबरोबर डोलत राहतं आणि बोटांना फारसं काही कळत नाही. फक्त पॅड जरा मागे ढकलले जातात, त्यामुळे पहिल्यांदा दाबताना लिव्हर नेहमीपेक्षा खोल जातो.

बोटांना जोरात धडधड जाणवत असेल तर बहुधा यातलं काहीतरी असतं: पिना गंजून किंवा सुकून अडकल्यात, डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही, पॅडचा थर डिस्कवर ठिकठिकाणी चिकटलाय, डिस्कचे बोल्ट सैल आहेत किंवा चाकाचं बेअरिंग गेलंय. यातल्या कशाचाच इलाज नवी डिस्क हा नाही, अपवाद जाडीचा. बेअरिंग खराब असताना नवी डिस्क बसवली तर तीसुद्धा आउटच दिसेल.

एबीएसची, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची गाडी असेल तर आणखी एक. खडीवर किंवा ओल्या रस्त्यावर कचकन ब्रेक दाबल्यावर लिव्हर थरथरतो ते एबीएसचं काम चालू असल्याचं लक्षण आहे. साध्या, हलक्या ब्रेकिंगलाही धडधड होत असेल तरच डिस्ककडे वळा.

लागणारं सामान

फिलर गेजचा एक संच घ्या. वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी पात्यांची ती जुडी असते, चाकूसारखी उघडते, स्पेअर पार्टच्या दुकानात किंवा हार्डवेअरवाल्याकडे शंभर-दोनशे रुपयांत मिळते. टॅपेट सेट करायलाही तीच लागते, त्यामुळे वाया जात नाही. दोन-तीन प्लास्टिकचे केबल टाय, परमनंट मार्कर, १२० नंबरचा पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, भांडी घासायचा साबण, जुनं सुती फडकं, सुतळी. डिस्कची जाडी मोजायला व्हर्निअर (जबड्यांत धरून माप दाखवणारी पट्टी), तडे बघायला रॉकेल आणि खडू. ब्रेकच्या पिनांसाठी सिलिकॉन ग्रीसची छोटी पुडी किंवा ट्यूब. बेअरिंगचं साधं ग्रीस इथे चालत नाही, कारण त्याने रबरी बूट फुगतात आणि महिन्याभरात पिना पुन्हा अडकतात. डिस्क काढायची वेळ आली तर निळं थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून आट्यांना लावायचा चिकट पदार्थ), अ‍ॅलन की आणि दहा इंची स्क्रू पाना.

कोणाकडे चुंबकी स्टँडचा डायल गेज, म्हणजे बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापक, असेल तर मागून आणा. लेथवाल्याकडे असतोच. नसेल तरी काही अडत नाही.

मोजमाप

गाडी डबल स्टँडवर घ्या. मागच्या सीटवर कोणाला तरी बसवा किंवा मागे वजन ठेवा, म्हणजे पुढचं चाक हवेत येईल. डबल स्टँड नसेल तर इंजिनाखाली लाकूड ठेवून त्यावर जॅक. चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे आणि गाडी हलता कामा नये. यात तडजोड नको, पुढे तुम्ही पान्याने जोर लावणार आहात.

आधी बेअरिंग. चाक वर आणि खाली असं दोन हातांनी धरा आणि एक हात आत, एक बाहेर असा हलवा. मग डावी-उजवीकडे धरून तेच. 'टक टक' असं काही लागलं तर आधी बेअरिंग बदला, डिस्कचं नंतर बघू. मग डिस्कचे बोल्ट एकेक करून अ‍ॅलन कीने तपासा, कुठला सैल आहे का.

आता कॅलिपर काढा. त्याला फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या नळ्यांना, जोडणारे दोन बोल्ट असतात. कॅलिपर ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका, सुतळीने हँडलला बांधून ठेवा. दोन पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची जाड घडी किंवा लाकडाची चीप सरकवा. कॅलिपर बाहेर असताना कोणीही लिव्हर दाबायचा नाही. दाबला तर पिस्टन बाहेर येतो आणि हजाराचं काम वाढतं. मी हँडलवर लाल फडकं बांधून ठेवतो, घरात लहान मुलं असतील तर ते फारच गरजेचं.

फोर्कच्या नळीला एक केबल टाय घट्ट आवळा. त्याचं उरलेलं टोक डिस्कच्या दिशेने वळवून असं कापा की ते डिस्कच्या घासल्या जाणाऱ्या पट्ट्यावर, बाहेरच्या कडेपासून साधारण पाच मिलिमीटर आत, अगदी जवळ येईल. टोक हलत असेल तर दुसऱ्या टायने त्याला आधार द्या. चाक हळूहळू फिरवा. डिस्क टोकाच्या सगळ्यात जवळ येते ती जागा शोधा आणि टोक तिथे नुसतं टेकेल इतकं सरकवा. टेकायचं, दाबायचं नाही. त्या जागी मार्करने 'शून्य' लिहा. मग चाक फिरवत जा आणि सगळ्यात जास्त फट पडते तिथे फिलर गेजची पाती घालून बघा. जी पाती अडखळत पण जोर न लावता जाते, ती तुमची संख्या.

डिस्कचे मार्करने आठ भाग करा आणि प्रत्येक भागातली फट वहीत लिहा. दोन फेऱ्या मोजा. दुसऱ्या फेरीत आकडे वेगळेच आले तर डिस्कपेक्षा बेअरिंगवर किंवा तुमच्या केबल टायवर संशय घ्या.

बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये डिस्कचा चालू शकणारा आउट ०.३ मिलिमीटरच्या आसपास दिलेला असतो. तुमच्या गाडीचा आकडा बघून घ्या, तो शेवटचा. त्याच्या आत असाल तर डिस्कला हात लावू नका, सरळ पिना आणि पॅडच्या कामाकडे जा.

माझ्या गाडीचा पहिला आकडा होता ०.६.

वहीतले आकडे काय सांगतात

सगळ्यात जास्त पैसे वाचतात ते या टप्प्यावर, म्हणून इथे घाई करू नका. आठ आकड्यांकडे नीट बघा. ते शून्यापासून हळूहळू वाढत जाऊन बरोबर समोरच्या बाजूला सर्वाधिक होत असतील आणि पुन्हा हळूहळू उतरत असतील, तर डिस्क वाकलेली नाही, ती तिरकी बसली आहे. ताटाखाली एका बाजूला दाणा आला की ताट कलतं, तसं. हबच्या (चाकाचा मधला भाग, ज्यावर डिस्क बसते) बैठकीवर गंज, रंगाचा पोपडा किंवा जुन्या थ्रेडलॉकरचा खडा अडकलेला असतो.

उलट, सहा भाग जवळपास सारखे आणि लागून असलेले दोनच भाग एकदम बाहेर किंवा आत, असं असेल तर तिथे मार बसला आहे. हा खरा बाक.

माझ्या वहीत दोन्ही होतं: हळूहळू होणारा चढ-उतार आणि त्याच्यावर एका जागी उंचवटा.

तिरकेपणाचा संशय असेल तर चाक काढून डिस्क उतरवावी लागते. चाक काढताना एक्सलच्या दोन्ही बाजूंचे बुश कुठल्या बाजूचा कुठे होता याचा फोनवर फोटो काढून ठेवा. डिस्कचे बोल्ट कारखान्यातूनच चिकटवलेले असतात, त्यामुळे ते सहज येत नाहीत आणि घाईत त्यांचं अ‍ॅलनचं तोंड गोल होतं. नवख्यांचं काम इथेच फसतं. आधी तोंडातली माती सुईने उकरून काढा. मग अ‍ॅलन की पूर्ण आत बसवून तिच्या डोक्यावर हातोडीने दोन-तीन हलके ठोके द्या. तरीही नाही हलला तर सोल्डरिंग गनचं गरम टोक बोल्टच्या डोक्यावर पाच मिनिटं टेकवून ठेवा. चिकट पदार्थ उष्णतेने मऊ पडतो. फक्त बोल्टचं डोकं तापवायचं, डिस्क नाही. बोल्ट एकदम एकच पूर्ण सोडू नका, समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत जा.

हबची बैठक आणि डिस्कची आतली बाजू तारेच्या ब्रशने घासा, बोटाने चाचपून बघा. नखाला अडेल असं काही उरता कामा नये. हब अ‍ॅल्युमिनियमचं असतं, म्हणून पॉलिश पेपर जपून. कानस अजिबात नको.

डिस्क परत बसवताना ती आधी होती त्यापेक्षा एक बोल्टभोक पुढे फिरवून बसवा. आता पुन्हा मोजा. उंचवटा डिस्कवरच्या त्याच मार्करखुणेबरोबर फिरला असेल तर दोष डिस्कमध्ये आहे. तो हबच्या जुन्या जागीच राहिला असेल तर हब वाकडं आहे, आणि मग तुम्ही कितीही नवी डिस्क आणा, आउट तसाच येणार. या एका तपासणीने माझ्या मित्राचे डिस्कचे पैसे वाचले, त्याचं हब जुन्या अपघातात गेलेलं निघालं.

माझ्या हबवर मसुराएवढा गंजाचा पोपडा होता. तो काढल्यावर ०.६ चे ०.३५ झाले. एक रुपयाही न घालता.

जाडी आणि तडे

डिस्क हातात आलीच आहे तर हे दोन्ही आत्ताच बघून घ्या. डिस्कवर कुठेतरी बारीक अक्षरात किमान जाडी कोरलेली असते. या वर्गातल्या गाड्यांवर ३.५ मिलिमीटर हा आकडा बरेचदा दिसतो, नवी असताना ती ४ मिलिमीटर असते. मोजताना एक चूक हमखास होते. डिस्क मधल्या पट्ट्यात झिजते, कडेला न झिजलेली धार उभी राहते आणि व्हर्निअर त्या धारेवर बसून जास्त जाडी दाखवतो. उपाय सोपा आहे. एकसारखी दोन नाणी घ्या, झिजलेल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना एकेक लावा आणि नाण्यांसकट मोजा. मग नाण्यांची जाडी वजा करा. पाच-सहा जागी मोजा. किमान आकड्याच्या खाली गेली असेल तर ती डिस्क भंगारात, चर्चा संपली.

तड्यांसाठी जुन्या वर्कशॉपमधली रॉकेल-खडूची पद्धत अजूनही उत्तम आहे. डिस्कला रॉकेल लावून पंधरा मिनिटं ठेवा, फडक्याने कोरडी पुसा आणि वरून खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल वर येऊन पांढऱ्या पुडीत ओलसर काळी रेघ उमटते. भोकांच्या कडा आणि बोल्टच्या बाजूचे हात, म्हणजे मधून बाहेरच्या रिंगेकडे जाणाऱ्या पट्ट्या, विशेष निरखा. केसाएवढी रेघ दिसली तरी डिस्क बाद.

सरळ करायची की नाही

माझा नियम असा आहे. आउट १ मिलिमीटरपेक्षा जास्त, तडा, किमान जाडीच्या खाली, निळी-काळी पडलेली डिस्क, वाकलेले हात, किंवा मधला भाग वेगळा आणि रिंग बटणांनी जोडलेली फ्लोटिंग डिस्क, यातलं एक जरी असेल तरी सरळ करण्याचा विचार सोडा. ०.३ ते १ च्या मध्ये असेल आणि बाक एकाच जागी असेल, तर प्रयत्न करण्यासारखा आहे.

काय करायचं नाही तेही स्पष्ट सांगतो, कारण हे तिन्ही सल्ले मला मिळाले होते. पहिला, "गॅसवर तापवून ठोक." डिस्कचं पोलाद पाणी देऊन कडक केलेलं असतं. तापवलं की तो कडकपणा जातो आणि ती जागा लवकर झिजते. दुसरा, "हातोडीने दोन ठोके दे." ठोक्याने जिथे मार बसतो तिथे खड्डा पडतो आणि शेजारी नवा बाक येतो. तिसरा सल्ला जास्त फसवा आहे, कारण तो ऐकायला शास्त्रशुद्ध वाटतो: "ग्राइंडिंगला दे, एकदम आरशासारखी होईल." सरफेस ग्राइंडरच्या चुंबकी पाट्यावर पातळ वाकडी डिस्क ठेवली की चुंबक तिला ओढून सपाट करतो. त्या सपाट अवस्थेत ती घासली जाते. चुंबक बंद केला की डिस्क उसळून पुन्हा पहिल्यासारखी वाकडी होते. हातात काय आलं? वाकडी ती वाकडीच, वर पातळ झालेली. ४ आणि ३.५ च्या मध्ये अर्धाच मिलिमीटर असतो, तो असा घालवू नका.

पान्याचं काम

डिस्क आणि चाक गाडीवर बसवलेलं, कॅलिपर बाजूला बांधलेलं, डिस्क पूर्ण थंड. स्क्रू पान्याच्या दोन्ही जबड्यांना कोल्ड्रिंकच्या डब्यातून कापलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा दुमडून लावा, म्हणजे डिस्कवर ओरखडे येणार नाहीत. एबीएसच्या गाडीत डिस्कच्या आतल्या बाजूला दातेरी किंवा खिडक्यांची रिंग असते आणि तिच्या अगदी जवळ सेन्सर. पाना त्यांना कुठेही लागता कामा नये. रिंगेचा एखादा दात वाकला तर एबीएसचा दिवा लागून बसतो.

पाना डिस्कच्या वाकलेल्या भागाच्या मधोमध, जबडे घट्ट बसतील असा लावा. आता बाकाच्या उलट्या दिशेला सावकाश दाब द्या. झटका नाही. पोलाद आधी लवतं आणि सोडलं की परत येतं, त्यामुळे पहिल्या दोन-तीन दाबांत आकडा बदलणारच नाही. घाबरून एकदम जोर वाढवू नका. दर वेळी किंचित जास्त, आणि प्रत्येक दाबानंतर केबल टायच्या टोकाशी फिरवून बघा. ज्या क्षणी ती परत येण्याऐवजी थोडी तिथेच राहते, ते हाताला कळतं. तेवढा जोर लक्षात ठेवायचा. बाक रुंद असेल तर मध्यापासून दोन्ही कडांकडे दोन-दोन बोटं सरकत हेच करा.

मला पाऊण तास लागला. ०.३५ वरून ०.२५, मग ०.३ (एकदा चुकीच्या जागी दाबलं), मग ०.२ आणि शेवटी ०.१५. तिथे थांबलो. शून्याच्या मागे लागू नका. मॅन्युअलच्या आकड्याच्या खाली, ०.२ च्या आसपास आलात की पाना ठेवून द्या. तीच जागा पुन्हा पुन्हा इकडे-तिकडे वाकवली तर तार तुटते तसा तिथे तडा जातो. म्हणूनच सरळ केल्यावर रॉकेल-खडूची तपासणी परत एकदा करायची. ही चुकवू नका.

पिना, पॅड, सफाई

कॅलिपरच्या दोन्ही पिना ओढून काढा. कोणती वरची आणि कोणती खालची ते लक्षात ठेवा, काही गाड्यांत त्या वेगळ्या असतात. जुनं वाळलेलं ग्रीस पुसा, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच काढा, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. बसवल्यावर कॅलिपर दोन बोटांनी सहज सरकलं पाहिजे. माझ्या गाडीची खालची पिन पकड लावून ओढावी लागली होती. धडधडीत तिचा वाटा किती मोठा होता, ते ती मोकळी झाल्यावर समजलं.

पॅडवरचं मटेरियल शिल्लक असेल तर नवे घ्यायची गरज नाही. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर अंथरून पॅड त्यावर आठाच्या आकड्यात फिरवा, चकाकी जाऊन एकसारखा मळकट रंग येईपर्यंत. धूळ तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपा. पॅडला तेल किंवा ब्रेक ऑइल लागलेलं असेल तर मात्र ते टाकाच.

डिस्कवर पॉलिश पेपरचा हलका हात फिरवा आणि ती गरम पाणी-साबणाने दोनदा धुवा. रॉकेलचा अंशही राहायला नको. साखळीचा स्प्रे किंवा गंज सोडवायचं तेल डिस्कच्या जवळपासही आणू नका.

डिस्कच्या बोल्टांना निळ्या थ्रेडलॉकरचा एकेक थेंब लावा आणि समोरासमोर आवळत जा. आवळण्याचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) नसेल तर अ‍ॅलन कीने नीट घट्ट आवळून गाडी सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत न्या आणि शेवटचा आवळा तिथे घ्या. त्याचे पन्नास-शंभर रुपये द्यायला मागेपुढे बघू नका. डिस्कवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो जुळवा.

सगळं बसवल्यावर, गाडीवर बसायच्या आधी, लिव्हर पंप करा. पॅड मागे गेलेले असतात, त्यामुळे पहिल्या चार-पाच दाबांना लिव्हर थेट मुठीला टेकतो. तो कडक होईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही. सोसायटीच्या उतारावर हे विसरलात तर समोरची भिंतच गाडी थांबवेल.

मग मोकळ्या मैदानात किंवा रिकाम्या रस्त्यावर २० च्या वेगात दोन-चार वेळा थांबून बघा. ठीक वाटलं तर ४० वरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, वीस-पंचवीस वेळा मध्यम ब्रेक लावा, मध्ये मध्ये थंड होऊ द्या. पॅड आणि डिस्क एकमेकांना सरावतात. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा मोजा. आकडा परत वाढला असेल तर त्या डिस्कवर आणखी वेळ घालवू नका.

बदलायचीच असेल तर

नवी मूळ कंपनीची डिस्क गाडीनुसार साधारण हजारापासून तीन हजारांपर्यंत जाते. विम्याचा दावा करावा असं वाटेल, पण थर्ड पार्टी विम्यात हे बसतच नाही, आणि पूर्ण विमा असला तरी एका दाव्याने नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो २० ते ५० टक्के असतो, हिशेब करूनच ठरवा.

जुनी डिस्क हा खरा स्वस्त पर्याय आहे, जर ती तपासून घेतली तर. पुण्यात नाना पेठेत दुचाकीच्या पार्टची गल्लीच्या गल्ली आहे, आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे. मुंबईकरांना कुर्ल्याची भंगारची दुकानं ठाऊक असतील. जाताना फिलर गेज, व्हर्निअर, दोन नाणी आणि तुमची जुनी डिस्क बरोबर न्या. बोल्टांची भोकं, मधलं भोक, व्यास आणि मधल्या भागाची खोली, चारही जुळली पाहिजेत. सपाटी बघायला दुकानातली काच पुरते. डिस्कची घासली जाणारी रिंग काचेवर पूर्ण टेकेल अशी ठेवा आणि भोवताली ०.२ ची पाती घालून बघा. कुठेही आत शिरली तर ती डिस्क परत ठेवा. दुकानदार घाई करेल. "दादा, ब्रेकचं काम आहे, दोन मिनिटं द्या," एवढं म्हटलं की सहसा कोणी अडवत नाही. घरी असाल तर स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा याच कामाला येतो, फक्त खाली वर्तमानपत्र नको, नाहीतर पाती त्याच्यात घुसते.

डिस्क इतकी वाकली असेल की चाकच फिरत नाही, तर कॅलिपर बांधून नुसत्या मागच्या ब्रेकवर गाडी घरी आणू नका. छोटा हत्ती बोलवा, आणि त्यात गाडी बांधताना दोर हँडलला किंवा फोर्कच्या खालच्या क्लॅम्पला लावायला सांगा, डिस्कमधून ओवू देऊ नका.

माझी डिस्क वाकली कशी

टायर बदलताना चाक जमिनीवर आडवं ठेवलं जातं, आणि डिस्क खाली आली की चाकाचा सगळा भार तिच्या कडेवर येतो. मग टायर रिमवरून सोडवायला माणूस त्यावर उभा राहतो, दोन लोखंडी पट्ट्या घालून जोर लावतो. चार दिवसांपूर्वी मी समोर उभा राहून हे बघितलं होतं, आणि त्यात काही वावगं आहे हे तेव्हा माहीतच नव्हतं. डिस्क लॉक लावलेलं विसरून गाडी पुढे ढकलणं आणि पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचं फूटरेस्ट डिस्कवर आदळणं, ही आणखी दोन नेहमीची कारणं.

आता पंक्चरच्या दुकानात गेलो की चाक निघायच्या आधीच सांगतो, "काका, डिस्कची बाजू वर ठेवा हं. खाली जुना टायर टाका." एकानेही आजवर नाही म्हटलेलं नाही.

पंक्चर काढून झाल्यावर तिथेच चाक हाताने फिरवून 'शूक' आवाज येतो का ते ऐकतो, मगच पैसे देतो.